उलट्या रेषांची सुरई

मी, सुखदा उपेंद्र पळसुले, वय ६८, व्यवसाय मातीची भांडी घडवणे, राहणार बनशंकरी, बेंगळुरू, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या अकलेने लिहून ठेवते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

आधी साक्षीदारांचं. वकील सांगतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. उत्तम! म्हणूनच पहिली साक्षीदार अलका देसाई. तीस वर्षं तिने माझ्या शेडमध्ये, माझ्या भट्टीवर माझ्या जोडीने काम केलं. तिला या कागदाने काहीही मिळणार नाही, हे तिने स्वतः सही करून पाहावं.

१. राहतं घर आणि बँकेतल्या ठेवी माझी मुलगी स्वानंदी हिला. व्हाइटफील्डहून दोन तास गाडीत बसून येते आणि दारातच विचारते, "अलकामावशी कुठंय?" तरीही घर तिलाच.

२. भट्टी यशवंतपूरच्या भंगारवाल्याला गेली तरी चालेल, अलकाकडे जाऊ नये. चाकं दोन आहेत. त्यातलं तिचं तिने न्यावं, त्यात माझा उपकार नाही.

३. निळ्या कडेचा कप. तो अलकाने केलेला. माझे यजमान, कै. उपेंद्र, चहा त्यातूनच प्यायचे. मी घडवलेले चौदा कप फडताळात! विचारलं तर म्हणाले, "तिच्या कपाची कड ओठाला टोचत नाही गं." नवऱ्याने असं बोलावं? मी तो कप फोडणार होते. पण ते गेल्यापासून मीच त्यातून पिते, आणि त्यांचं खरं होतं. कप स्वानंदीला.

४. पानं, शेंगा, वारुळं यांची चित्रं काढलेल्या माझ्या एकतीस वह्या कोणत्याही कलाशाळेला. मी झाडाखाली वही घेऊन बसायची. अलका नुसती हात मागे बांधून बघायची, आणि संध्याकाळी चाकावर तिच्या हातून तेच पान उतरायचं. काय जळफळाट व्हायचा माझा!

५. काचेच्या कपाटातली सुरई. शेडच्या खिडकीत कुंभारीण माशीने मातीचं इवलंसं घर बांधलं होतं: गोल पोट, बारीक गळा, बाहेर वळलेली कड. दोन दिवस आम्ही दोघी कामधाम सोडून बघत बसलो. मग दोघींनी तशा तीन-तीन सुरया केल्या आणि एकाच भट्टीत लावल्या. तेवढ्यात आई आजारी म्हणून अलका धारवाडला गेली. भट्टी मी उघडली. पाच तडकलेल्या, एक अखंड. ग्लेझचा काचेरी लेप ओघळून तिच्या बुडाखालची, कोणाची ते सांगणारी खूण बुजलेली. ही माझीच, असं मी धरून चालले आणि माझ्या नावाने प्रदर्शनात पाठवली. पहिलं बक्षीस मिळालं. अजून लोक मला सुरईवाल्या बाई म्हणतात.

प्रदर्शनातून परत आलेली सुरई धुताना मी आत बॅटरी मारली. अलका डावखुरी, तिचं चाक उलटं फिरतं, त्यामुळे भांड्याच्या आत बोटांच्या रेषाही उलट्या चढतात. या उलट्याच होत्या.

मी सुरई पुसून तशीच ठेवून दिली. अलका धारवाडहून परत आली, बॅटरी घेतली, गळ्यातून बराच वेळ आत पाहिलं. म्हणाली, "छान झालीय की, अक्का." आणि मळलेल्या मातीवर ओलं फडकं टाकायला गेली. बावीस वर्षं झाली. एकदा तरी भांडायचं होतंस, बाई! तिच्या हाताचा मला हेवा वाटलाच, पण त्या गप्प बसण्याचा जास्त वाटतो. माझ्याच्याने ते जन्मात झालं नसतं.

सुरई तिची आहे. तिला द्यावी, बक्षिसाच्या ढालीसकट. वकिलांना म्हटलं, हे देणं नव्हे, तिचं तिलाच जातंय. ते म्हणाले, कायद्याला ते देणंच.

६. वरचा मजकूर बदलत नाही. भट्टीचं वाक्यही राहू द्यावं. एका कलमात मी एवढी सुधारणार नाही.

हे सगळं मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: बनशंकरी, बेंगळुरू
दिनांक: १४ ऑगस्ट २०२५
सही: सुखदा उपेंद्र पळसुले

साक्षीदार:
१. कृष्णाजी बेनाडीकर, शेजारी
२. यशश्री हेरेकर, शेजारी

(पहिल्या जागी लिहिलेलं "अलका देसाई" हे नाव मी स्वतःच्या हाताने खोडलं आहे. तिला सही करता येणार नाही. ती वारस आहे. — सु. प.)