टेपमधली कुऱ्हाड

बाबा, तुम्ही जाऊन चाळीस वर्षं होत आली. माझी अक्षरं चौथीपर्यंतची, ती तुम्हाला ठाऊकच आहेत. तरी लिहितो, कारण घरात हे कोणाला सांगता येत नाही.

फागुनापासून नागपूरच्या कॉलेजातले एक सर आपल्या रामाकोना गावाच्या वरच्या जंगलात येतात. रोज उजाडताना नाल्याकाठी टेपरेकॉर्डर लावतात आणि नंतर माझ्याजवळ बसून ऐकतात. कोणता आवाज कोणाचा, ते मी सांगायचं. जिथं आवाज कमी झाले, ती जागा आजारी, असा त्यांचा हिशोब. तुम्ही जंगलचे चौकीदार असताना तुमच्या मागं हिंडून शिकलो, तेवढंच माझं शिक्षण.

परवा टेपमध्ये मोर झाला, सातभाई झाले, आणि मागून दूरचे घाव ऐकू आले. दोन घाव, थोडी उसंत, मग एक. माझ्या मुलाचा खांदा लहानपणी मोडला होता, त्याची कुऱ्हाड अशीच चालते.

"काका, हे काय?" सरांनी विचारलं.

"गावात कोणी लाकूड फोडून राहिलं असन, सर. सकाळचा आवाज लांबून येते."

त्यांनी तसंच वहीत लिहिलं. मग म्हणाले, "इथला तांबट पक्षी यंदा बोलत नाही. पाणी आटलं म्हणून असेल?" मी म्हटलं, "असन." तेही लिहिलं. तांबट वाळक्या खोडात भोक पाडून राहतो, आणि तीच झाडं माझा मुलगा तोडतो. आता नागपूरला कोणी जाणता माणूस ती टेप ऐकेल, याची धास्ती आहे.

तुम्हीही एकदा असेच घाव ऐकले होते; जेवायला बसला होता, घास हातात तसाच राहिला. "हा माह्या भावाचा हात हाये," म्हणत उठलात आणि काकाला कुऱ्हाडीसकट धरून चौकीवर नेलंत. तुम्ही परतलात तेव्हा आई चुलीपुढं बसून होती, तुमच्याकडं न बघता म्हणाली, "भावाले सोडलं असतं तं जंगल मरत होतं काय?"

"एक सोडला तं उद्या कोणाले अडवू?"

काका पुन्हा आपल्या दारात आला नाही. तुमच्या मातीलाही नाही.

काल मुलाला म्हटलं, "तुही कुऱ्हाड मशीनमधी आली." तो हसला. "मशीनले माहं नाव मालूम हाये काय, बाबा?"

"मशीनले नाही. मले हाये."

 सुनेनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. दोघंही मी पुढं काय बोलतो याची वाट बघत होते. तुमच्यासारखं उठावं असं फार वाटलं, पण या वयात एकटं राहायची भीती वाटते, बाबा.

हा कागद पेटीत तळाशी ठेवतो. एवढं मात्र तुमच्यापासून लपवत नाही: मशीन उद्या कोणत्या नाल्यावर लागणार, ते काल मीच मुलाला सांगितलं. त्यानं विचारलंही नव्हतं.