थंड ताऱ्यासाठी पंखा

चि. भाऊस ताईचे अनेक आशीर्वाद.

टेबलपंखा पोचला. हमालाने तीस मागितले, वीसवर आणला (देवाची कृपा आणि माझी जीभ). तुझी कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला? इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त सूनबाईचा तारा अडला आहे.

पंखा तू माझ्या घामासाठी पाठवलास, पण तो लागला तिच्या कॉम्प्युटरला. तिचा प्रबंध थंड ताऱ्यांवर. (थंड म्हणजे चार हजार अंश! मी दूध तरी बरं निवू देते.) मला मॅट्रिकपुरतं कळलं ते असं, की ताऱ्याच्या पोटातून प्रकाश निघतो, वाटेत सोडियम, कॅल्शियम वगैरे मंडळी आपापल्या रंगाचा वाटा कापून घेतात, नि तिथे काळी रेघ उरते. ती रेघ कशी उमटते ते सूनबाई थराथराने मांडते. पंचाईत ही, की अणूंनी प्रकाश किती घेतला ते प्रकाश किती होता यावर, आणि प्रकाश किती उरला ते अणूंनी किती घेतला यावर! मग अंदाजाने आकडा धरायचा नि तो हलायचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा मोजायचं. महिन्याचा ताळा चुकला की मीही हेच करते, पण मी तापत नाही. यंत्र तापतं.

आठवडाभर ते घुमत होतं. आकडा थांबतच आला होता, नि सोमवारी मी देवळातून परतते तो पडदा काळाठिक्कर. वीज गेलेली. सगळं पुसलं गेलं. (मधे मधे साठवून ठेवायला हवं होतं, असं तिचे सर म्हणाले. वेळ गेल्यावर सगळेच म्हणतात.) महिनाअखेर प्रबंध दिला नाही तर शिष्यवृत्ती बंद. पोरगी रडली नाही, ओरडली नाही. फोनवर सरांची बोलणी खाल्ली, एवढंच म्हणाली, "सर, वीज गेली होती." आणि पुन्हा पहिल्या थरापासून बसली. मीही आता तिच्या टेबलापाशीच जपाला बसते. (देवाला म्हटलंय, सोडियमकडे जरा बघ.)

तुझी ताई

ता. क. तुझ्या बंद दुकानातला इन्व्हर्टर बॅटरीसकट पाठव. हमालाचं मी बघते.

पुन्हा ता. क. तुला म्हणून सांगते, आमच्याकडे वीज जात नाही. घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद करायची माझी जन्माची खोड. त्यात तेही बंद झालं. परत येऊन गुपचूप चालू करायला गेले, तर सूनबाई माझ्या हाताकडेच बघत होती. तरी सरांना वीज म्हणाली, नवऱ्यालाही वीजच म्हणाली. बटणावर तिने चिकटपट्टी लावली होती, ती काल मी घाण समजून खरवडून काढली. तेव्हा इन्व्हर्टर विजेसाठी नको रे, तुझ्या ताईसाठी हवाय. कधी पाठवतोस ते उलट टपाली कळव. तोवर मी देवाला घरूनच हात जोडते.