मागची बाजू मनात वाच

नागपूर,
१४ मे १९७९

प्रिय प्रेमिला,
सप्रेम जयभीम. मोठ्याने वाचायला लागण्याआधी एवढं मनात वाच. आईला ही बाजू वाचून दाखव आणि पान उलटायच्या आत थांब. मागची बाजू तुझ्या एकटीची आहे.

हं, आता कर सुरू.

आईला जयभीम. आम्ही दोघं खुशाल आहोत. ऊन असं की नळाचं पाणीसुद्धा चटका देतं. तुझे भाऊजी हिंगण्याला पहिल्या पाळीला जातात. कंपनीची बस चुकली की त्या दिवशी घरात भांडी जरा जोरात वाजतात. आईने दिलेल्या मुगवड्या पुरवून पुरवून खातोय.

माझं संशोधन चालू आहे. शेजारच्या कुसुमताई परवा म्हणाल्या, "डॉक्टर होऊन राहिली ना वं तू, मंग माह्या गुडघ्याले काही देशीन का नाही?" मी रोज बोकडाची कलेजी वाटते, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? आई, हस तू. एवढं शिकून पोरीच्या हातचं वाटण काही सुटलं नाही. जेवण वेळेवर होतं. काळजी करू नको.

प्रेमिला, आता मनात वाच. चेहरा सांभाळ, आई समोरच बसली असेल.

मला दिवस गेलेत. तिसरा महिना चालू आहे. कोणालाच सांगितलं नाही, तुझ्या भाऊजींनाही नाही. मागे दोनदा पोटातलं गेलं तेव्हा आई काय म्हणाली होती, तुला आठवतं ना? "तीन महिने होयेपर्यंत कोणाले सांगू नये बाई. आपणच लवकर बोललो." या खेपेला मी तोंड शिवून घेतलं होतं. वास सहन होत नव्हता तरी कलेजी वाटत होते.

कलेजी वाटली की पेशी फुटतात, आणि त्यांच्यातलेच काही एन्झाइम मोकाट सुटून आम्हाला हवी असलेली प्रथिनं खाऊन टाकतात. त्यांना अडवायला आम्ही एक पांढरी भुकटी वापरतो, पीएमएसएफ म्हणतात तिला. चिमूटभर घातली की ते एन्झाइम जागच्या जागी बांधले जातात. बाटलीवर कवटीचं चित्र आहे. तिचं वजन करताना खोलीतला कूलर बंद ठेवायचा, असा आमचा नियम आहे.

गेल्या बुधवारी वजन करताना मला भोवळ आली. मी टेबल धरलं. आमचा शिपाई चंद्रभान दारातून पाहत होता. "मॅडम, उन्हानं होऊन राह्यलं तुमाले. जराशी हवा घ्या," म्हणत त्याने कूलरचं बटण दाबलं. मायेनेच दाबलं गं. कागदावरची सगळी भुकटी माझ्या तोंडावर आली. नाकात, डोळ्यांत, ओठांवर.

मी नळाखाली डोकं धरलं. घसा आवळत होता, डोळ्यांची आग होत होती. चंद्रभान रडायलाच लागला. "सरांले सांगू नका, माही नोकरी जाईन." मी नाही सांगितलं. त्याची दया आली हे खरं, पण सांगितलं असतं तर माझ्या मार्गदर्शक सरांनी मला दवाखान्यात पाठवलं असतं आणि तिथे सगळं उघड झालं असतं.

आता डोळे बरे आहेत, घसाही. पण मला फार भीती वाटते, प्रेमिला. पोटातलं लेकरू वाढतं तेही एन्झाइमांच्याच जोरावर. ते बांधले गेले असतील तर? पुस्तकं चाळून झाली. उंदरांबद्दल लिहिलंय, गरोदर बाईबद्दल एक ओळ नाही. ही भुकटी पाण्यात फार वेळ टिकत नाही, एवढंच मला ठाऊक आहे. म्हणून वेड्यासारखी तांब्यावर तांब्या पाणी पिते. तुझे भाऊजी म्हणतात, उन्हाळा बाधलाय हिला.

डॉक्टरीणबाईंकडे अजून गेले नाही. त्या म्हणतील, धोका नको, गर्भ काढून मोकळी हो. आता कायद्याने होतं ते. आधीची दोन आपोआप गेली. या तिसऱ्यासाठी मला माझ्या तोंडाने हो म्हणावं लागेल. त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसायची मला भीती वाटते.

इथवर लिहून मी पाणी प्यायला उठले होते. परत येऊन वाचलं. मला दिवस गेलेत हे सरांना माहीत असतं तर त्यांनी मला त्या बाटलीजवळ फिरकू दिलं नसतं. चंद्रभानलाही ऊन वाटलं ते मी गप्प राहिले म्हणूनच. गप्प राहून मी कोणाला जपलं, मला सांग.

प्रेमिला, वरची सूचना विसर. ही बाजूही आईला वाचून दाखव. पहिल्या ओळीपासून, मोठ्याने. तुझ्या भाऊजींना मी आज संध्याकाळी ते आले की सांगणार आहे.

आई, तीन महिने व्हायचे आहेत आणि मी बोलले. रागावू नको. पुढच्या सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरवलंय. रविवारच्या गाडीने ये. त्या काही म्हणाल्या तरी लगेच उत्तर देऊ नको, नुसती माझा हात धरून बस.

तुझीच, अजून आई न झालेली,
शोभा