बिनक्लचची शेवरोलेट

१० नोव्हेंबर १९८८, पाडवा

विकणार नाही! विनयला मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं. पोरगं ऐकत नाही. नागपूरहून दिवाळीला आला आणि फराळाची ताटली खाली ठेवत नाही तर सुरू — "बाबा, इंदूरचा एक माणूस जुन्या गाड्या घेतो. तुम्ही थोडीच चालवणार आता!"

काहून नाही चालवणार? लकव्याच्या झटक्यानं डावा हात नेला, डावा पाय अर्धा नेला. उजवी बाजू शाबूत आहे. डोकं तर पहिल्यापेक्षा जास्त चालून राहिलं. छप्पन्न सालची शेवरोलेट आहे माझी, खटारा नाही. मी पडलो तेव्हापासून अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. मलाही तसंच झाकून ठेवायचा ह्यांचा विचार दिसतो.

पद्मजा चकल्या काढता काढता म्हणाली, "विनय, गाडी राहील. विषय बंद." आणि बंद झाला! बायको असावी तर अशी.

१४ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणे, "बाबूजी, गाड़ी-वाड़ी भूल जाइए. क्लच कौन दबाएगा?"

बरोबर बोलला. क्लच डाव्या पायाचा, गियर डाव्या हाताचा. मग क्लचच काढून टाकतो! रिक्षा रांझीला घरी पोचेपर्यंत ठरलं सगळं. ह्याच मॉडेलला ऑटोमॅटिक गियरबॉक्स पण यायचा. क्लच नाहीच, गियर एकदा टाकला की विसरायचं.

संध्याकाळी चिंतामणीला बोलावून घेतलं. फॅक्टरीत मी इन्स्पेक्टर, तो माझ्या हाताखाली फिटर. आता दोघंही रिटायर. म्हणाला, "साहेब, पागल झाले काय?" चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "दिल्लीत मिळेल. एम्बसीच्या गाड्या भंगारात निघतात तिथं."

११ डिसेंबर

आला! चिंतामणी दिल्लीहून स्वतः घेऊन आला, रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये टाकून. विनयला पत्र लिहिलं — गियरबॉक्स आला आहे, इंदूरवाल्याला नमस्कार कळव.

१८ डिसेंबर

जुना गियरबॉक्स उतरला. जड उचलायला चिंतामणी येतो रविवारी. बाकी सगळं मी एकटा करतो. म्हणजे पद्मजा असते सोबत. मी पाटावर आडवा होतो, ती पाट गाडीखाली सरकवते. नट मी फिरवतो, वरून बोल्ट ती धरते. शेजारच्या भाभींनी भिंतीवरून विचारलं, "दीदी, इस उमर में?" पद्मजा पदर खोचून, हाताला ग्रीस — "हाँ, इसी उमर में!"

फॅक्टरीचा नियम घरीही. नट कसला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका. ठिपका म्हणजे तपासलं, पास. मी "पास" म्हणतो, ती ठिपका लावते. चहा पण तपासूनच घेतो आता. आज साखर कमी होती — "रिजेक्ट!" ती काही हसली नाही.

मला कोणाची गरज नाही, हे दाखवून देणार. विनयला, डॉक्टरला, साऱ्या रांझीला.

८ जानेवारी १९८९

इंजिन सुरू केलं आणि अंगणभर लाल तेल! गियरबॉक्सपासून रेडिएटरकडे जाणाऱ्या नळीचा नट सैल. आणि वर पिवळा ठिपका!

ठिपके पद्मजानं आधीच लावून ठेवले होते. म्हणे, "कुकर लावायचा होता. वाटलं तुम्ही नंतर कसालच." डोकंच फिरलं माझं. न कसता ठिपका? चिंतामणीसमोर वाट्टेल ते बोललो. फॅक्टरीत असती तर चार्जशीट दिली असती, हेही बोललो.

तिनं ब्रश डब्यात ठेवला. "आंघोळ मी घालते. बटणं मी लावते. पोळी मी मोडून देते. मी तुमच्या फॅक्टरीत नाही लागली."

ठीक आहे. नको येऊ. मी एकटा करीन!

९ जानेवारी

एकट्यानं होत नाही. हे कोणाला सांगणार नाही.

११ जानेवारी

पाना घसरला, बोटं सोलली. गाडीखाली पडून राहिलो, निघता येईना. पण हाक मारायची नाही! स्वयंपाकघरातून तीच आली. पाट ओढला. बोटं पुसली. मग म्हणाली, "कोणता नट?"

मी दाखवला. तिनं धरला, मी कसला. माफी-बिफी मागितली नाही मी. ती मनात ठेवणारी नाही.

२६ जानेवारी

अंगणात पुढे-मागे चालली! स्टिअरिंगवर ट्रकवाले लावतात तसा फिरता गोळा बसवला, एका हातानं मस्त वळते. ब्रेकही नवीन, पाय ठेवला की जागेवर उभी. पद्मजा गाडीसमोरून हलेना, म्हणे, "माझ्यासमोर थांबवून दाखवा, मग रस्त्यावर न्या." थांबवली. घाम फुटला मला, तिला नाही.

५ फेब्रुवारी

सकाळी रिछाईच्या रिकाम्या रस्त्यावर हात बसवला आणि मग थेट बड़ा फुहारा बाजारात! रविवारची गर्दी, रिक्षा, हातठेले, मधेच एक गाय. कुठं धक्का नाही, कुठं घासली नाही. चिंतामणी बाजूला मुठी आवळून बसलेला, पद्मजा मागे शांत. खोव्याची जिलबी घेतली. येताना डॉक्टरच्या दवाखान्यासमोरून मुद्दाम दोनदा नेली. बघ म्हणावं!

रात्री जेवताना तिनं विचारलं, "आता तुम्हाला कोणाची गरज नाही ना?"

छाती काढून म्हटलं, नाही!

"नक्की?"

"लिहून देऊ?"

"नको," म्हणाली आणि ताटं उचलली.

८ फेब्रुवारी

ही काय करून राहिली कळत नाही. चहा-साखरेचे डबे खाली उतरवून ओट्याच्या उजव्या बाजूला मांडले. माझ्या शर्टांची बटणं काढून टिचबटणं लावली, एका हातानं लागतात. छान झालं. मी "पास" म्हटलं.

१० फेब्रुवारी

पद्मजाला स्टेशनवर सोडून आलो. बहिणीकडे गेली, बेबीताईकडे, अमरावतीला. परतीचं तिकीट काढलं नाही. किती दिवस, विचारलं. "अजून ठरवलं नाही," म्हणाली, "मी ठरवीन."

गाडी मीच नेली, मीच आणली. घरी येऊन गेट उघडायला हॉर्न वाजवला. दोनदा वाजवला. मग उतरलो.