मीठ : तुरळक ते मध्यम

१० ऑक्टोबर, गुरुवार

निर्णय झाला. म्हणजे मी घेतला. चार दिवस कॅम्पिंग. तळ्याकाठी, तंबूत. स्वयंपाक मी करणार, एकट्याने.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी फाटे फोडायला नको. ही एक नोव्हेंबरपासून वर्षभर परगावी. इस्पितळात रक्त तपासते, त्यातलाच पुढचा कोर्स. प्रश्न मुलांचा. मुलगी बारा वर्षांची, मुलगा सात. मी म्हणालो, मुलं इथेच राहतील, बापाजवळ. हिच्या थोरल्या बहिणीचं म्हणणं, मुलांना माझ्याकडे पाठव, त्यांना चहासुद्धा धड येत नाही. 'त्यांना' म्हणजे मला. फोन स्पीकरवर होता.

ही 'बघू' म्हणाली. लग्नाला चौदा वर्षं झाली, हिच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असाच असतो. पण या वेळी आवाज जरा मऊ होता. म्हणजे वाव आहे. चार दिवस पोरांना उघड्यावर खाऊ घालून दाखवलं की घरात ओट्यापाशी काय अवघड आहे?

मुलं गेली तर संध्याकाळी या घरात मी काय करणार, हा विचार करायचा नाही असं ठरवलं आहे. आज तीनदा केला.

उद्याचा अंदाज: अनुकूल.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

मेनू तयार. भात, उकडलेले बटाटे, ऑम्लेट, टोमॅटो सूप, शेवटच्या दिवशी उकडलेली अंडी. वर शीर्षक दिलं, 'साधं पण चवदार'. ऑफिसच्या प्रिंटरवर छापून लॅमिनेट केलं.

हिला कृती विचारल्या. भाताला पाणी किती? अंदाजाने. सूपला किती वेळ? अंदाजाने. मीठ? अंदाजाने घालायचं आणि चाखून बघायचं.

मी एकोणीस वर्षं हवामान कार्यालयात आहे. अंदाज म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. रोजचा अंदाज माझ्या हातून बाहेर पडतो. आकडे साहेब देतात, पण वाक्यं माझी. 'तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम सरी' हे वाक्य अख्ख्या ऑफिसात माझ्याइतकं सफाईने कोणाला लिहिता येत नाही. आणि आम्ही आभाळ चाखून बघत नाही.

संकल्प: सगळं मोजून. चाखणे बंद.

१४ ऑक्टोबर, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत टपालाच्या काट्यावर मीठ, साखर आणि मिरपूड तोलली. एकूण छत्तीस पुड्या. प्रत्येकीवर प्रमाण लिहिलं: तुरळक, मध्यम, जोरदार. खाली क्रमांक. कुठल्या क्रमांकात काय आहे, त्याचा तक्ता वेगळा. काटेकोर काम झालं आहे. शिपाई बराच वेळ मागे उभा राहून बघत होता, भारावून गेला असावा.

मुलीने विचारलं, पुडीवर सरळ 'मीठ' असं का नाही लिहीत? तिला सांगितलं की पद्धत नावाची गोष्ट मोठं झाल्यावर कळते. ती 'बरं' म्हणाली. हुबेहूब आईसारखं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी ४

पोचलो. तंबू दीड तासात उभा. (पाकिटावर दहा मिनिटं लिहिलं आहे. छापणाऱ्याचं काय जातं.)

तक्ता घरी राहिला. फ्रिजच्या दारावर, चुंबकाखाली. विसरू नये म्हणून मीच तिथे लावला होता.

हरकत नाही. मिरपूड काळी आहे, ती ओळखू येते. राहिल्या चोवीस पांढऱ्या पुड्या. निम्मी साखर, निम्मं मीठ. एक ते बारा मीठ असावं. किंवा तेरा ते चोवीस.

संध्याकाळी ७

भात. वारा मंद राहील असं कालच्या पत्रकात मीच टाईप केलं होतं. वाऱ्याने ते वाचलेलं नाही. शेगडी अकरा वेळा विझली. सतरंजी आडवी धरायला मुलगी, तिला धरायला मुलगा. ही मदतीला उठली, तिला हाताने बसवलं. ही परीक्षा माझी आहे.

भात वर कच्चा, खाली करपलेला. मधला थर चांगला असणार, पण तिथवर कोणी पोचलं नाही. मुलांनी बिस्किटं खाल्ली. हिने पातेलं घासायला घेतलं. सहज म्हणून विचारलं, मग काय ठरवलंस मुलांचं? म्हणाली, आधी हे निघतंय का बघू.

उद्याचा अंदाज: सुधारणा.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ९

चहात मीठ. म्हणजे सात क्रमांक मीठ. म्हणजे एक ते बारा मीठ. चूक होईल तरच ज्ञान वाढतं. नाश्त्याला ऑम्लेट, आठ क्रमांक घातला.

सकाळी ९.२०

चहातला सात क्रमांक, पुन्हा नीट बघितल्यावर, सतरा निघाला. एकाच्या अंकावर पुडी दुमडली होती. मग ऑम्लेटमधला आठ तरी आठच होता का?

ऑम्लेट गोड लागलं. मुलाने केक आहे का असं विचारलं. त्याला हो म्हणालो. पण वर मिरपूड 'जोरदार' घातलेली होती, त्यामुळे ते फार वेळ टिकलं नाही.

सकाळी ११

हिचं म्हणणं साधं आहे. पुडी उघडायची, बोट लावायचं, जिभेला लावायचं. तिला शांतपणे समजावलं की एकदा चाखायला लागलं की मोजण्याला अर्थ उरत नाही. आज पुडी चाखेन, उद्या भाजी चाखेन, मग माझ्यात आणि बाकीच्यांत फरक काय राहिला?

ही उठली. मुलांना घेऊन तळ्याकडे गेली. तासाने परत आले, भूक नाही म्हणाले. मुलाच्या शर्टावर जॅमचा डाग. जुना असेल.

दुपारी २

बटाटे. उकडायला ठेवले तेव्हा अकरा वाजले होते, एक वाजता सुरीने टोचले, सुरी वाकली. पाणी उकळतच नव्हतं, नुसतं गरम होत होतं. वाऱ्याचा दोष.

शेजारच्या तंबूतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, झाकण ठेवलं तर लवकर होतील. म्हटलं, झाकण मुद्दाम ठेवलेलं नाही. त्या गेल्यावर ठेवलं. वीस मिनिटांत शिजले.

दुपारी ४

मुलगी झाडामागे उभी राहून आईच्या फोनवर कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. मला बघितल्यावर थांबली. मैत्रीण असेल. या वयात असतं.

उद्याचा अंदाज: वर्तवणे कठीण.

१९ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी २

टोमॅटो सूप. वाऱ्यापासून आडोसा म्हणून शेगडी तंबूच्या दाराशी घेतली. सूप उकळलं, पहिल्यांदा काहीतरी उकळलं, म्हणून सगळ्यांना हाक मारायला वळलो आणि पाय दोरीत अडकला. पातेलं आडवं. सूप सतरंजीवर, काड्यापेटीवर, मुलाच्या बुटांत. लॅमिनेट केलेला मेनू मात्र शाबूत. पुसला की स्वच्छ.

हिने बूट धुतले. मुलीने सतरंजी झाडावर वाळत घातली. मी काय करावं हे कोणी सांगेना. नाचता येईना अंगण वाकडं, असं हिने म्हणायला हवं होतं. तिने तेही म्हटलं नाही. म्हणजे मनातून निकाल लागला. अजून दहा-बारा दिवस आणि मुलांच्या दोन बॅगा भरल्या जातील. मुलाचं दात घासायचं स्टूल बेसिनखाली तसंच राहील. ते मी कुठे ठेवू?

दुपारी ३.३०

तंबूच्या मागे बसून कांदा चिरला. कांदा संपला तरी डोळ्यांचं पाणी थांबेना. इथे वारा फार आहे.

मुलगा आला. ओले पाय घेऊन शेजारी बसला. म्हणाला, "बाबा, मला कालचा बटाटा आवडला." त्यात मीठ नव्हतं, साखर नव्हती, काहीच नव्हतं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. विचारलं, अजून एक उकडू का? तो थोडा विचार करून म्हणाला, "नको. तेवढाच आवडला."

पोराचा हा स्वभाव माझ्यावर गेला आहे. कोणाला दुखवायचं नाही.

संकल्प: उद्या शेवटचा दिवस. हरायचं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९

विजय. आठ अंडी, झाकण ठेवून, घड्याळ लावून बारा मिनिटं. डॉक्टरीणबाईंकडून मिठाची बाटली आपण होऊन आली, ज्याने त्याने वरून घेतलं. चार माणसं, आठ अंडी, एकही तक्रार नाही. मुलाने तीन खाल्ली. मी एक खाल्लं, कारण आनंदाने भूक मेली होती.

हिला म्हणालो, बघितलंस? ती हसली. चार दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, मुलांचं घरी गेल्यावर बोलू. 'बघू' नाही, 'बोलू'. चौदा वर्षांत हा शब्द नव्हता.

सकाळी ११

सामान भरताना हिची कापडी पिशवी उचलली तर आत डबे खुळखुळले. ब्रेड, जॅम, चीज, भाजलेले शेंगदाणे, तळलेल्या पुऱ्या. म्हणजे डब्यांना तसा वास येत होता. आत काहीच नव्हतं. तिघांचा चार दिवसांचा साठा, बरोबर आजच संपलेला. एक कण जास्त नाही, एक कण कमी नाही.

मी पिशवी धरून उभा होतो. हिने बघितलं.

"अंदाज होता मला," ती म्हणाली.

पुढे म्हणाली, तुमच्यासाठीही रोज बाजूला ठेवत होते, पण तुम्हाला विचारायचं कसं तेच कळेना. मग ते शेवटी पोरं खायची.

गाडीत मागे बसलो. डबे मांडीवर घेऊन.

२१ ऑक्टोबर, सोमवार

तक्ता फ्रिजवरच होता. एक ते बारा साखर. त्याच्या खाली मुलीच्या अक्षरात: 'बाबा, हा कागद विसरू नका.' तारीख निघायच्या आदल्या दिवसाची.

ऑफिसात शिपायाने विचारलं, कशी झाली सहल? म्हटलं, तुरळक.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

निकाल.

मुलं कुठेही जाणार नाहीत. इथेच राहणार. माझ्याजवळ.

हे वाक्य लिहून पाच मिनिटं नुसता बसलो होतो. आता पुढचं लिहितो. मेव्हणीबाई इथे येणार आहेत. वर्षभरासाठी. त्यांचे यजमान जहाजावर असतात, घर बंद ठेवलं तरी चालतं. हे हिने ठरवलं नाही. शुक्रवारी झाडामागे मुलगी मैत्रिणीशी बोलत नव्हती, मावशीशी बोलत होती. काय बोलली ते हिने मला जसंच्या तसं सांगितलं:

"मावशी, बाबांना एकटं टाकून आम्ही येणार नाही. तूच ये, आणि लवकर ये."

पहिलं वाक्य वहीत सुंदर अक्षरात परत लिहून काढलं. बाबांना एकटं टाकून आम्ही येणार नाही. दुसरं लिहिलं नाही. पण पहिलं वाचलं की दुसरं आपोआप ऐकू येतं.

मी हिला विचारलं, मग ती परीक्षा? ही म्हणाली, कसली परीक्षा? तुम्ही सहलीला जाऊ म्हणालात, आम्हाला वाटलं सहल आहे.

उद्याचा अंदाज: निरभ्र. बहुधा.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. रात्री ८

सकाळच्या गाडीने ही गेली. मुलगा रडला नाही, मुलगी रडली नाही. मी सामान चढवत होतो, घाम आला होता.

दुपारी मेव्हणीबाई आल्या. दोन कुकर, एक खलबत्ता आणि स्वतःचं मीठ घेऊन. स्वयंपाकघर ताब्यात. मला कामं नेमून दिली: लसूण सोलणे, भांडी विसळणे, मध्ये न येणे. तिन्ही आज नीट पार पाडली. शेवटचं सगळ्यात अवघड आहे.

जेवायला बसलो. फ्लॉवरची भाजी. मुलं गप्प जेवत होती. मी मुद्दाम, आयुष्यात पहिल्यांदा, काही बोलायच्या आधी चाखून बघितलं. मीठ नव्हतं. अजिबात नव्हतं. मेव्हणीबाईंना रक्तदाब, त्यांचं ते मीठ डॉक्टरांनी दिलेलं, नावालाच खारट. आणि हे मला कळलं. मला. कोणी न सांगता, नुसत्या जिभेने. मुलांची तोंडं बघितली, त्यांनाही तेच लागलं होतं. हीच वेळ होती.

रुमाल आणतो म्हणून उठलो. सहलीचं जाकीट दारामागे होतं, खिशात एक पुडी शिल्लक. 'तुरळक'. क्रमांक सूपने पुसला गेला होता. पण आता मला तक्ता लागत नाही. माणूस अनुभवाने शिकतो. हळूच परत आलो, भाजीवर सगळी पुडी रिकामी केली, कालवलं आणि मोठा घास घेतला.

साखर.

मेव्हणीबाईंनी विचारलं, कशी झालीय? छान म्हणालो. सगळी संपवली.

मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. ताटात मान घालूनच तिने पलीकडची, आपली नेहमीची, खऱ्या मिठाची वाटी एका बोटाने माझ्याकडे सरकवली.

उद्याचा अंदाज: मुलीला विचारून.