साठ तारा आणि एक सळई

प्रिय भाऊजी,

तुम्हाला आणि धाकट्या जाऊबाईंना माझा नमस्कार. आम्ही दोघं खुशाल आहोत, अंगण तेवढं अत्यवस्थ आहे. तुमचा खोकला कसा आहे? (मला कसं कळलं म्हणाल, तर तुमचे दादा दर रविवारी आपल्या हॅम रेडिओच्या संचाला कान लावून तुमच्या इतर हौशी मंडळींशी चाललेल्या गप्पा ऐकतात. आठ महिन्यांत तुमच्याशी एक शब्द बोलले नाहीत, पण "फार खोकतोय तो" एवढं मला येऊन सांगतात.)

तुम्ही दोघं कशावरून भांडलात, हे मला चारचौघांत सांगताही येत नाही. सख्खे भाऊ जमिनीवरून भांडले म्हटलं की लोक विचारतात, किती एकर. आणि इथे प्रश्न काय, तर उभ्या अँटेनाखाली तारा किती पुरायच्या. हे म्हणाले, जमिनीत एक सळई ठोकली की झालं. तुम्ही म्हणालात, चहूबाजूंनी साठ तारा हव्यात, नाहीतर दादाचा आवाज फक्त गांडुळांना ऐकू जाईल. ती गांडुळं यांच्या फार मनाला लागली. तेव्हापासून सळईच्या भरवशावर जगाला हाका मारताहेत आणि कोणी ओ देत नाही.

तर मागच्या महिन्यात यांनी अचानक अंगण उकरायला घेतलं. मला सांगितलं, विजेपासून संरक्षण. शेजारच्या दंतवैद्यांना सांगितलं, पाण्याचा निचरा. मी गप्प बसले, कारण गादी उलटताना मला तुमचा तो कागद सापडला होता, मधोमध टिंब आणि भोवती साठ रेघा काढलेला. माझ्यासमोर चोळामोळा करून फेकला होता यांनी. आता इस्त्री करून ठेवलाय. (स्वतःच्या सदऱ्याला यांनी जन्मात इस्त्री केलेली नाही.)

तारा आणल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून. खुरप्याने गवतात चीर पाडायची, तार घालायची, वरून पाय देऊन दाबायचं. ती वर येऊ नये म्हणून आकडे हवेत, त्यासाठी कपाटातले तारेचे हँगर कापले. आता यांचे शर्ट खुर्च्यांवर बसतात आणि आम्ही उभे. सतराव्या तारेला पाण्याचा पाइप कापला गेला आणि वाळत घातलेल्या चादरी चिखलाने माखल्या. बाविसावी माझ्या टोमॅटोच्या वाफ्यातून निघाली होती. मी आडवी उभी राहिले, तर म्हणाले, वळवून घेतली तरी चालते. मग आधी का नाही वळवली, विचारलं, तर खुरपं उचलून तेविसावीकडे वळले. शेवटच्या नऊ कुंपणापलीकडे गेल्या. दंतवैद्य खूश आहेत, निचऱ्याची त्यांनाही गरज होती. पुढे त्यांच्याकडे पाणी तुंबलं की काय सांगायचं, ते हेच बघून घेतील.

काल साठावी तार जोडली. हात धुतले, माझ्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "त्याने ऐकलं आणि उत्तरच नाही दिलं तर?" भाऊजी, मला फार वाईट वाटलं हो.

तुमची,
वहिनी

ता. क. तेवढ्यासाठीच हे पत्र. येत्या रविवारी सकाळी साडेनऊला हे तुम्हाला हाक मारतील. ओ द्या. सळईचा विषय काढू नका. यांना यातलं काही ठाऊक नाही.

ता. क. २. हिने पाकीट टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं, त्यामुळे मला सगळं ठाऊक आहे. तुझं बरोबर होतं. हे लिहून देतो, बोलून दाखवणार नाही. रविवारी ऐनवेळी माझी जीभ अडली, तर तूच आधी हाक मार. ओ मी देतो.