दुपारी एक ते चार

मी, नानासाहेब देवराव पाईकराव, वय ६४, धर्म बौद्ध, एका दैनिकातून निवृत्त झालेला मुद्रितशोधक, राहणार सिल्व्हर पार्क, मीरा रोड (पूर्व), पूर्ण शुद्धीत राहून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करतो. माझे मन ठिकाणावर असल्याचा दाखला तळमजल्यावरच्या डॉ. निशा यांनी दिला आहे. माझी पत्नी केसरबाई हिचे याबाबतीत वेगळे मत आहे, पण ती डॉक्टर नाही.

प्रकृती उत्तम आहे. तरी हे लिहायला कारण घडले. गेल्या आठवड्यात जयंतीचे कार्यक्रम आटोपल्यावर आमच्या गायन पार्टीचा ढोलकीवाला लोकेश माझ्या घरी चहा पिता पिता म्हणाला, "नानासाहेब, तुमच्यानंतर पार्टी बंद नाय पडणार. ह्याच खोलीत रोज दुपारी सराव करू. तुमच्या स्मृतीसाठी!" माझा मुलगा बुद्धभूषण "वा!" म्हणाला. तेवढ्यात केसरबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"इतकी वर्षं रविवारीच होतं, आता रोज का? अहो, तुम्ही गेल्यावर तरी मी दुपारी घटकाभर पडू का नको, तेवढं कागदावर लिहून ठेवा."

तेवढे लिहून ठेवण्यासाठी हा कागद आहे. बाकीची कलमे ओघाने आली.

कलम १. राहते घर, एक खोली व स्वयंपाकघर, माझ्या पश्चात केसरबाईच्या एकटीच्या मालकीचे राहील. बँकेतली ठेवही तिचीच. या घरात दुपारी एक ते चार या वेळेत पेटी, ढोलकी, टाळ, खंजिरी वाजणार नाही. विहार समितीची बैठक होणार नाही. "वहिनी, पाचच मिनिटं" असे म्हणत कोणीही आत येणार नाही. ती पाच मिनिटे मी पाहिलेली आहेत. त्यांना तीन वेळा चहा लागतो.

कलम २. माझी पेटी मुलगी राजश्री हिला द्यावी. ती लोकेशला मिळणार असे लोकेशने परस्पर जाहीर केले आहे, ते रद्द समजावे. या पेटीने नांदेड, महाड, नागपूर पाहिले आहे आणि सगळा प्रवास उत्तनच्या धाकूच्या टेम्पोतून केला आहे. त्या टेम्पोत एरवी सुके बोंबील जातात. भाता ओढला की पहिल्या रांगेपर्यंत वास जातो. धाकूला विचारले तर तो म्हणतो, "नाना, वास पेटीला हाय, टेम्पोला न्हाय." धाकू या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील सांगतात. म्हणून मी त्याला फक्त माफ करतो.

कलम ३. पार्टीची कार्यक्रमांची डायरी यापुढे बुद्धभूषणने लिहावी. त्याला सुरातले काही कळत नाही, पण तारखा कळतात. पूर्वी डायरी लोकेशकडे होती. १९९१ साली एका रविवारी आम्हाला दोन निमंत्रणे होती. सकाळी भाईंदरला नुकत्याच वारलेल्या एका वृद्ध गृहस्थांचे पुण्यानुमोदन आणि संध्याकाळी काशीगावला बारसे. लोकेशने दोन्ही कार्यक्रम उलटे लिहिले, सकाळी बारसे आणि संध्याकाळी पुण्यानुमोदन. आम्ही नांदेडहून दोन रात्रींचे जागरण करून थेट भाईंदरला उतरलो. हार घातलेला फोटो मला दिसला होता. बाळाचे पणजोबा असतील असे वाटले. मी डोळे मिटून पाळणा सुरू केला.

दुसऱ्या कडव्यात ढोलकी थांबली. डोळे उघडले तर समोर पन्नास माणसे पांढऱ्या कपड्यांत बसलेली आणि पाळणा कुठेच नाही. मी पेटी बंद करू लागलो, तेव्हा त्या गृहस्थांच्या पत्नी जिजाबाई म्हणाल्या, "थांबू नका, दादा. माझा म्हातारा जन्मभर कधी नीट झोपला न्हाई. आता झोपलाय, तर म्हणा पुढं." मी तोच पाळणा पुढे म्हटला. इतकी शांतता मला नंतर कुठल्याही कार्यक्रमात मिळाली नाही.

लोकेशने आजवर चूक कबूल केलेली नाही. "लोकांना आवडलं ना?" एवढेच म्हणतो.

कलम ४. माझे पुण्यानुमोदन एका तासात उरकावे. त्रिसरण आणि पंचशील झाल्यावर भाषणे दोनच व्हावीत, आणि त्यांतले एकही लोकेशचे नसावे. शेवटी राजश्रीने हळू आवाजात तोच पाळणा म्हणावा. तो मी तिच्यासाठीच रचला होता. ती तान्ही होती आणि रात्रभर रडायची. पहिल्यांदा म्हटला तेव्हा राजश्री टक्क जागी राहिली आणि भिंतीला टेकलेली केसरबाई झोपली.

कलम ५. खिडकीजवळची आरामखुर्ची. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले. अग्रलेखातल्या चुका मी एका नजरेत पकडत असे, ही चूक एकतीस वर्षे सुटली. मी रात्रपाळीचा माणूस, म्हणून दुपारी एक ते चार या खुर्चीत झोपायचो. निवृत्तीनंतर रात्रपाळी गेली, झोप तशीच राहिली. त्या वेळात दाराशी स्टूल टाकून केसरबाई बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून सांगायची, "ते झोपलेत." रविवारी सराव असला की झोप कोणालाच नाही आणि चहाचे काम तिला. दमलो असे मी घरभर सांगत आलो. तिने ते कधी सांगितल्याचे मला आठवत नाही.

ही खुर्ची केसरबाईला दिली आहे. हे एक कलम माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजपासून लागू आहे.

कलम ६. दाराजवळचे स्टूल माझ्या पश्चात लोकेशला द्यावे, मात्र ते दाराजवळून हलवू नये. रोज दुपारी एक ते चार त्याने त्यावर बसावे आणि आलेल्या माणसाला हलक्या आवाजात "वहिनी झोपल्यात" असे सांगावे. हे कलम त्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, "रोज? नानासाहेब, मला काय कामधंदा नाय?"

मी विचारले, "रोज सराव करणार होतास, तेव्हा कामधंदा कुठे गेला होता?"

त्यावर त्याने चहाचा कप तोंडाला लावला. मौन ही मी संमती धरली आहे. मी आहे तोवर स्टुलावर मी बसेन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः तपासला आणि दोन ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली, माझ्यासमोर त्यांनी केली.

सही: नानासाहेब देवराव पाईकराव

साक्षीदार:
१. डॉ. निशा, तळमजला
२. धाकू, राहणार उत्तन, टेम्पोचालक

दिनांक: २१ एप्रिल १९९६, रविवार, दुपारी सव्वादोन

स्थळ: सिल्व्हर पार्क, मीरा रोड, जिल्हा ठाणे. दुसऱ्या मजल्याचा जिना, कारण घरात केसरबाई झोपली आहे.